सावद्याचा वजनकाटा

जोडणीचा प्रकार निवडा, म्हणतं साधन
आणि बोटभर यादी खाली सोडतं :
थेट. ओडीबीसी. नावावरून.
चौथा पर्याय करडा, तो दाबलाच जात नाही.

एप्रिल. साडेअकरा. कूलरमधलं पाणी संपलंय.
बाहेर काट्यावर केळीचा ट्रक चढला
की माझ्या टेबलावरचा ग्लास हलतो.
काट्याचा जुना डेटाबेस पलीकडच्या खोलीत,
संघाचा नवा इथे, माझ्यासमोर.
मध्ये विटेची एक भिंत
आणि एकवीस वर्षं.

नावावरून, हा पर्याय मला इकडचाच वाटतो.
रावेरच्या स्टँडवर पत्ता कुठे लागतो?
नुसतं म्हणायचं, घोडेवाल्या झोप्यांकडे,
रिक्षावाला दारात नेऊन सोडतो.
पण तसा रिक्षावाला हवा.
सगळ्यांची घरं ठाऊक असलेला सर्व्हर
आमच्या संघाला अजून परवडत नाही.

म्हणून ओडीबीसी. मधला माणूस.
दोन्हीकडची भाषा थोडी थोडी येणारा,
लग्नं जमवणाऱ्या आमच्या रघोमामासारखा :
इकडचं तिकडे सांगताना
अवघड तेवढं गिळून टाकायचा.
तपासून पाहिलं. जोडणी यशस्वी.
मी चहा मागवला.

चहा येईतो चाळीस हजार ओळी उतरल्या.
तारखा बरोबर, वजनं बरोबर,
घडांची संख्यासुद्धा.
नावाच्या रकान्यात मात्र

????? चिनावल, सोळा क्विंटल वीस
???? विवरे, नऊ क्विंटल
??????? निंभोरा, अकरा क्विंटल पाच

मामानं नेमकी माणसंच गिळली होती.

व्यवस्थापक वाकून बघतात. वजन आलं ना?
खातेक्रमांक आहेत. मग झालं, पुढचं घ्या.
मी पुढचं घेत नाही.
त्या रकान्यात कुठेतरी माझे वडील आहेत, सोपान,
तीन अक्षरांचे;
ओकार आणि काना वेगळे मोजले गेल्यानं
पाच प्रश्नचिन्हांचे.

राहिलं थेट.
थेट बोलायचं तर आधी सगळं सांगावं लागतं :
यंत्र कुठलं, दार कितवं, तुम्ही कोण,
आणि पासवर्ड.
तो ठाऊक एकट्या नथू बोरोलेंना,
निवृत्त होऊन सात वर्षं, मुक्काम फैजपूर.

"कायले लागतो व तुले आता?"
सांगितलं. नावं येत नाहीत म्हटलं.
फोनवर बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"कम्पुटर आला त्या दिवसाचा केळीचा भाव.
आन् त्याच्यापुढं आमच्या मंडळीचं नाव. कोणाले सांगू नको."
भाव किती होता, काका?
"थे मले कुढी आठोतं?
नाव इचार. नाव सुमन."

कपाटातली वही. वाळवीनं कडा खाल्लेल्या.
शुक्रवार, सकाळी संगणक उतरवला, हमाली साठ रुपये,
आणि त्याखाली त्याच निळ्या शाईत
भाव चारशे तीस.

भरलं सगळं. अक्षरसंच निवडला, तोही हातानं.
साधन क्षणभर थांबलं,
एखादा ओळखीचा माणूस चेहरा आठवताना थांबतो तसं.
मग वरून खाली उघडत गेली
धुडकू, भागीरथी, इच्छाराम, सोपान
(मी तिथेच बोट ठेवलं, पडद्यावर ठसा उमटला)
सुपडाबाई, तुळशीराम, रहेमतखाँ.

एक ओळ तशीच राहिली.
पुन्हा आणली. तशीच.
भिंतीपलीकडे जाऊन जुन्या पडद्यावर पाहिलं
तर तिथेही तेच :
ट्रक कुणाचा हे न कळून
कधीतरी रात्रपाळीत नथूकाकांनी
स्वतःच टाईप केलेलं एक प्रश्नचिन्ह.
बारा क्विंटल चाळीस.

ते मी तसंच इकडे आणलं.